लाल दोऱ्याचे किती आणि गाडीचे किती?

पत्र: काका, मी २९ वर्षांची. मूळची कराडची, नोकरी हिंजवडीत, राहते वाकडला. इतकी वर्षं स्कूटी आणि बाबांची जुनी वॅगन-आर चालवली. आता स्वतःच्या पैशाने पहिली गाडी घ्यायचीय आणि ती चालवताना मजा आली पाहिजे. सगळं धरून अकरा लाखांपर्यंत जाईन, ताणलं तर बारा. तीन गाड्या मनात आहेत. नवी आय-२० एन लाइन, मॅन्युअल. २०२४ ची अल्ट्रोझ रेसर, एक हाती, १४ हजार किलोमीटर चाललेली. आणि २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, ६२ हजार किलोमीटर. ही बघून मित्र म्हणतात, डोळे झाकून घे. बाबा म्हणतात, एवढ्या पैशांत उंच गाडी येते, आणि घ्यायचीच तर ऑटोमॅटिक घे, लाल दोऱ्याने शिवलेल्या सीटचे कसले पैसे मोजतेस? मलाही शंका येते, हे स्पोर्टी प्रकरण खरं असतं की नुसते स्टिकर? महिन्यातून दोनदा कराडला जाते, त्यातल्या एखाद्या वेळी आई-बाबा मागे असतील. माझी उंची पाच फूट एक इंच. ऑफिसातला एक जण सांगतो, कुठलीही घे आणि रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून टाक. काय करू? — पाचवा गिअर, वाकड

उत्तर: तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझ्या बाबांनी विचारलाय. लाल दोऱ्याचे पैसे मी स्वतः एकदा मोजलेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गाडीच्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीवर भाळलो होतो. मागे पंख, बाजूला पट्टे, पांढऱ्या तबकडीचा मीटर. महिनाभराने शेजाऱ्याने त्याच गाडीचं साधं मॉडेल आणलं, तेव्हा कळलं की इंजिन तेच, गिअर तेच, ब्रेक तेच, टायरसुद्धा त्याच मापाचे. माझे पट्टे तीन पावसाळ्यांत सोलून निघाले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिने लपवलं काहीच नव्हतं. ब्रोशरमध्ये सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम कागदावरचं. स्पोर्टी हॅचबॅकचं ब्रोशर घेतलं की तिच्या साध्या बहिणीचं ब्रोशर शेजारी ठेवायचं आणि इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक, टायर एवढंच ताडून बघायचं. फरक तिथे सापडला तर गाडी घेतोय, नाही सापडला तर दोरा.

एन लाइन या परीक्षेत पास होते. २०२१ मध्ये ती आली तेव्हा तेच एक लिटरचं टर्बो इंजिन (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं) साध्या आय-२० मध्येही मिळायचं, त्यामुळे शंकेला जागा होती. २०२३ च्या फेरबदलात साध्या आय-२० मधून टर्बो गेलं आणि १.२ लिटरचं, ८३ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) शांत इंजिन तेवढं उरलं. एन लाइनला १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) आहे, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आहेत, सस्पेन्शन जास्त घट्ट आहे, स्टिअरिंग वेगळं जुळवलंय. त्याच फेरबदलात ते आयएमटी नावाचं अर्धवट प्रकरण (गिअर हाताने टाकायचा पण क्लचचं पेडलच नाही) जाऊन तिथे सरळ सहा गिअरचं मॅन्युअल आलं. माझ्या मते तेव्हापासून ती घेण्यासारखी झाली.

रेसरही पास होते, पण काठावर नसली तरी फर्स्ट क्लासात नाही. अल्ट्रोझच्या आधीच्या टर्बोत ११० पीएस, १४० न्यूटन मीटर आणि पाच गिअर होते. रेसरमध्ये नेक्सॉनचं इंजिन आलं, म्हणजे १२० पीएस, १७० न्यूटन मीटर आणि सहा गिअर. सायलेन्सरचा आवाजही जरा भरदार केलाय. मागे मात्र ड्रम ब्रेकच आहेत. बॉनेटवरचे पांढरे पट्टे मला उगाच वाटतात, पण पुढच्या सीटमधून येणारा वारा एप्रिलमध्ये उगाच वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून चाल. जगात जिला ‘हॉट हॅच’, म्हणजे खऱ्या ताकदीची छोटी हॅचबॅक, म्हणतात, ती यातली एकही नाही. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ११० पीएसची होती, म्हणजे आकडा यांच्याएवढाच. पण तिचं वजन होतं ८१० किलोच्या आसपास. आजच्या गाडीत एअरबॅगा, एसी, जाड दरवाजे, मोठे टायर असं सगळं भरून वजन हजाराच्या पुढे जातं. आपल्याकडे १९९३ ला आलेली झेन जेमतेम ५० अश्वशक्तीची होती, तरी ती चालवलेले लोक अजून डोळे मिटून बोलतात, त्याचं कारण हेच वजन. खरी हॉट हॅच हवीच असेल तर २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात बाहेरून बनून आली, २६५ पीएसची, ५३ लाखांना. मधला प्रयोग आपल्या रांजणगावात झाला होता. २०१५ ची अबार्थ पुंटो, १४५ अश्वशक्तीची. ती फार खपली नाही. तुझ्या यादीतल्या गाड्या कोमट आहेत. आंघोळीला पाणी कोमटच लागतं, तेव्हा त्यात वाईट वाटून घेऊ नकोस.

त्या अशा का आहेत, हेही सांगतो. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की कर कमी लागतो, म्हणून ९९८ आणि ११९९ सीसी, वर टर्बो. या वर्गाचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. तुझ्या कामाची गोष्ट अशी की जुन्या गाड्या विकणारे अजूनही ‘नवी तर एवढ्याला होती’ म्हणत कपातीच्या आधीचा भाव पुढे करतात. रेसरचा सौदा करताना ती किंमत ऐकूनच घेऊ नकोस. आज त्या तोडीची नवी गाडी कितीला पडते, तिथून खाली मोजायला लाग. आणि नवीचं कोटेशन घेताना आरटीओची ओळ बघ. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर आहे, तेव्हा सनरूफच्या नादात व्हेरियंट वर सरकला की खालचे आकडेही सरकतात.

आता पोलो. इथे जरा थांबतो, कारण मित्रांचा सल्ला चुकीचा आहे असं म्हणणं मलाच जड जातंय. चाकणला २००९ पासून बनलेली आणि २०२२ ला बंद झालेली ही गाडी अनेकांच्या जिवाची आहे. दरवाजा लावला की होणारा तो आवाज, शंभरच्या पुढे रस्त्याला चिकटून राहणं, हे सगळं खरं आहे. २०१३ पासूनच्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर, म्हणजे आजच्या तीन सिलिंडरांपेक्षा मऊ. पण तिचा गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी आहे, आणि तू हिंजवडीत नोकरी करतेस.

हे जरा उलगडून सांगतो. या डीएसजीत दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. गाडी चालती असेल तर ते मस्त चालतात, गिअर कधी पडला कळतसुद्धा नाही. पण वाकडच्या पुलाखाली चार फूट पुढे, थांब, परत चार फूट पुढे, असं पाऊण तास चाललं की गाडी स्वतःच सतत ‘हाफ क्लच’ करत राहते. क्लच तापतात, झिजतात, आणि त्यांना हुकूम देणारं मेकॅट्रॉनिक्स नावाचं युनिटही कधीतरी मान टाकतं. याच जातीच्या गिअरबॉक्सपायी फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. ६२ हजार किलोमीटर झालेल्या, वॉरंटी संपलेल्या गाडीत ते युनिट गेलं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. ज्याच्या दारात दुसरी गाडी उभी आहे, त्याने पोलो जरूर घ्यावी, रविवारी लवासाच्या बाजूला न्यावी. तुझी ती पहिली आणि एकुलती गाडी असणार आहे. नको.

बाबांच्या ऑटोमॅटिकच्या आग्रहालाही हेच लागू पडतं. एन लाइनचं ऑटोमॅटिक डीसीटी आहे, दोन कोरड्या क्लचचंच. रेसर तर मॅन्युअलमध्येच आली. डाव्या गुडघ्याची काळजी करणारे बाबा चूक नाहीत, पण यादीतल्या गाड्यांत तू मॅन्युअल निवडलंस ते बरोबर निवडलंस, फक्त क्लच पायाला झेपतो का ते आधी बघ. ते सांगतोच.

टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाले ज्या रस्त्यावर नेतात, तो रस्ता गाडीच्या माहेरचा असतो. गुळगुळीत, सरळ, तीन किलोमीटर, आणि शेजारी बसलेला मुलगा सनरूफ उघडून दाखवत असतो. आधीच फोन करून सांग की मला अर्धा तास हवाय आणि रस्ता मी ठरवणार. म्युझिक बंद. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

निघायच्या आधी पाच मिनिटं जागच्या जागी बसून राहा. तुझ्या उंचीला हा भाग इंजिनपेक्षा मोठा आहे. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. त्यासाठी सीट इतकी पुढे घ्यावी लागली की छाती स्टिअरिंगला भिडतेय, तर ती गाडी तुझी नाही, ब्रोशर काहीही म्हणो. स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं की आपल्याकडेही ओढता येतं, बघ. सीट उंच केल्यावर बॉनेटचा पुढचा कोपरा दिसतो का, बघ. क्लच वीस वेळा दाबून सोड. विसाव्या वेळी पोटरी बोलली तर हिंजवडीत ती रोज बोलणार.

मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा-वीसवर सोड आणि हळूच ॲक्सिलरेटर दे. छोट्या टर्बो इंजिनांची खरी परीक्षा ही. १२० पीएस हा आकडा साडेपाच-सहा हजार आरपीएमवरचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) आहे, तिथे तू आठवड्यात चार मिनिटंही नसशील. दीड हजाराच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तेव्हा तू निव्वळ एक-सव्वा लिटरच्या तीन सिलिंडरांवर चालतेस. स्पीडब्रेकरवरून उतरून परत पळताना काही गाड्या एक श्वास घेतात, मग एकदम ओढतात. तो श्वास किती लांब आहे ते बघ. दरवेळी पहिल्या गिअरवर यावं लागत असेल तर महिन्याभरात मजा संपते.

त्यानंतर तिसऱ्या गिअरवर चाळीस ते ऐंशी. शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते, हे व्हिडिओ बनवणाऱ्यांना लागतं. तुला लागणार आहे ते साताऱ्याच्या पुढे, हंगामात, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मधल्या लेनमध्ये आल्यावर. तिथे पिकअप म्हणजे चैन नाही. जेवढा कमी वेळ त्या ट्रॉलीच्या बाजूला राहशील तेवढं बरं. दोन्ही टर्बो गाड्या इथे खूश करतात, आणि ८३ पीएसची साधी गाडी इथेच उघडी पडते. लाल दोऱ्याच्या आतल्या खऱ्या पैशांची वसुली मला विचारशील तर या चार सेकंदांत आहे. खंबाटकीचा चढही तसाच, चौथ्यावरून तिसऱ्यावर आलं की पुरतं.

वळण आणि ब्रेकमध्ये एन लाइन पुढे आहे. स्टिअरिंग हातात वजन देतं, मोकळ्या वळणावर गाडी झुकत नाही, ब्रेक पायाला लगेच उत्तर देतो. रेसर या बाबतीत तिच्यापेक्षा अर्धं पाऊल मागे राहते, गिअरही तितका लोण्यासारखा पडत नाही. मजा हाच निकष ठेवला तर निकाल इथेच लागला.

टायरचं एक गणित मात्र सेल्समन सांगणार नाही. एन लाइनचा टायर १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ५५ टक्के, सुमारे १०७ मिलिमीटर. रेसरचा १८५/६०, म्हणजे १११. आणि साध्या हॅचबॅकच्या १६५/८० आर १४ टायरची भिंत १३२. खड्डा आधी ही भिंत खाते, तिच्या हातून सुटलेला रिमला बसतो, आणि रिममधून सुटलेला तुझ्या कमरेला. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि अलॉय वाकतं. म्हणून हवा दर पंधरा दिवसांनी, थंड टायरला, दारावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भर. स्टेपनीचं मापही विचार, ती बरेचदा लहान असते.

ॲव्हरेजचा बाऊ करू नकोस, पण हिशेब कर. ऑफिसचे साधारण ५३० आणि कराडच्या दोन फेऱ्यांचे ६४० धरले तर महिन्याला ११७० किलोमीटर होतात. साधी गाडी तुला सरासरी १८ देईल आणि ही १४ देईल असं धर (पायावर आहे, १२ सुद्धा देईल), तर फरक महिन्याला साडेअठरा लिटरचा. म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर. मजेचं मासिक भाडं म्हणून हे मला मान्य आहे, तुला आहे का ते तूच ठरव.

रिमॅपचं विचारलंस. नको. कंपनीने तो गिअरबॉक्स, तो क्लच एका ठरावीक टॉर्कसाठी बनवलाय. रिमॅप केला की वॉरंटीवर पाणी सोडायचं, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर बाहेर आला तर क्लेमचं काय होईल याची खात्री कोणी देणार नाही. बाहेरून सायलेन्सर बसवायचा विचारही सोड. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातलेले फोटो पाहिले असशीलच. खाज आवरतच नसेल तर टायर चांगल्यापैकी घे, त्याने गाडी जेवढी बदलते तेवढी कशानेच बदलत नाही.

बाबांच्या उंच गाडीबद्दल. नेक्सॉनमध्ये तेच १२० पीएसचं इंजिन आहे, फक्त शरीर उंच आणि जड. त्यामुळे ‘एवढ्या पैशांत’ त्यांना जास्त पत्रा मिळेल, तुला कमी गाडी मिळेल. पण त्यांच्या गुडघ्यांचा मुद्दा असेल तर तो खरा आहे, खाली बसून उठणं साठीनंतर सोपं नसतं. म्हणून दोन्ही गाड्यांत त्यांना मागे बसव आणि गाडी रंबलर्सवरून ने. एन लाइनचं घट्ट सस्पेन्शन मागच्या सीटवर पुढच्यापेक्षा जास्त जाणवतं. अल्ट्रोझचे दरवाजे काटकोनात उघडतात, डिकी ३४५ लिटरची आहे (आय-२० ची ३११), आणि आईच्या हातची तांदळाची पिशवी, लोणच्याच्या बरण्या हा माल महिन्यातून दोनदा येणार आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझा कल बदलला. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच तारे मिळाले. आय-२० ला २०२२ मध्ये तीन. दोन्ही चाचण्या त्याच जुन्या पद्धतीच्या, ताशी ६४ किलोमीटरच्या समोरासमोरच्या धडकेच्या, दोन्ही गाड्यांत दोन एअरबॅगा, त्यामुळे तुलना करता येते. पुढे आय-२० मध्ये सहा एअरबॅगा आल्या, हे चांगलंच झालं. पण गाडीचा सांगाडा कितपत टिकतो, हा प्रश्न एअरबॅगांनी सुटत नाही. शुक्रवारी रात्री दहाला, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर, मागे आई-बाबा. मला तिथे पाच तारे हवेत.

तेव्हा माझं उत्तर असं: चालवायला एन लाइन, घ्यायला रेसर. मनाविरुद्ध सांगतोय. तू एकटीच फिरणारी असतीस आणि रात्रीचा हायवे नसता, तर एन लाइन म्हटलं असतं आणि पुढचा परिच्छेद लिहिलाच नसता.

रेसर घेताना मालकाला सांग की गाडी सकाळी थंड असताना बघायचीय, मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटला हात लावून बघ, गरम असेल तर का गरम, विचार. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड काढ, विम्याचे क्लेम झालेत का बघ. १४ हजारांत चारही टायर सारखे झिजलेले हवेत. पुढचे बाहेरच्या कडेने जास्त खाल्लेले असतील तर आधीच्या मालकाने मजा आधीच वसूल केलीय. रिमच्या आतल्या बाजूला हात फिरव, ठोकून सरळ केलेलं अलॉय बोटांना कळतं. लिफ्टवर घेऊन खालून बघायला ओळखीचा मेकॅनिक ने, दीड-दोन हजार घेईल, घेऊ दे. उरलेली वॉरंटी तुझ्या नावावर चालू राहणार का, हे लेखी घे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नकोस. आणि मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुझ्या पॉलिसीत येत नाही. विम्याचा आकडा त्या हिशेबाने धर.

या सगळ्यातून ती पास झाली नाही, किंवा भाव नव्या एन लाइनच्या दीड लाखाच्या आत येऊन टेकला, तर सरळ एन लाइन बुक कर, मी काही म्हणणार नाही. जुन्या गाडीचा धोका तेवढ्या फरकासाठी घ्यायचा नसतो.

आणि शनिवारी बघायला जाशील तेव्हा नवे स्पोर्ट शूज घालून जाऊ नकोस. रोज ऑफिसला ज्या चपला घालतेस त्याच घाल, क्लच त्यांनाच दाबायचाय.